चटणीच्या रंगाची गाडी

सातारा,
बेंदूर झाल्यावरचा बुधवार

चिरंजीव मानसिंग यास आजी हरणाबाईचा आशीर्वाद. वि. वि.

ह्ये वि. वि. म्हंजे काय ते मला ठावं न्हाई. बनी म्हणली, पत्रात ते लिवायचंच असतं, तर लिवलं. तुझ्या सुलाआत्तीची ही थोरली पोर माझी मास्तरीण झालीया. अक्षर बघून दचकू नको, ते माझंच हाय. ल्हानपणी चावडीतल्या शाळंत मी नाव लिवण्याइतकी गेले हुते, मग म्हशी आडव्या आल्या. आता सुलीच्या बाळंतपणाला साताऱ्याला येऊन बसले, पोरगा झाला, झोपतो लय, मग मला काम काय? बनीनं पाटी हातात दिली. जोडाक्षर आलं की मी पेन ठेवती, पाणी पिऊन येती आन मगच लिवती. "फ्रॉक" लिवायला एक तांब्या संपला.

सातारा बरा हाय पर सगळं चढाचं. भाजीला जायचं तर चढ, परत यायचं तर बी चढ. ह्ये कसं बसवलंय ते देवाला ठावं.

तुझं पत्र मी माझी मी वाचलं. सकाळची बसले ते भाकरी थापायच्या वक्ताला उठले. मला समजलं ते असं, चुकलं तर सांग. सांगलीच्या दातार डाक्तरांची जुनी ऑस्टिन मोटार तू दुरुस्तीला घेतलीस. डाक्तर वारले, घरात त्यांच्या बायकू माई एकल्याच. लढाईत सरकारनं मोटार उचलून नेली, वापर वापर वापरली आन परत दिली ती खाकी रंग फासून. माई म्हणत्यात, कंपनीतनं आली तवा जशी हुती तशी पायजे, रंगासकट, उगं त्याच्यासारखा दुसरा चालायचा न्हाई. तसं झालं तर रस्त्याकडचा बग्गीखाना तुला तुझ्या कारखान्याला देणार. आन तुझा बा नाथाजी म्हणतो, दसऱ्यापातूर जागा झाली तर ठीक, न्हाईतर मुकाट कडेगावला येऊन उसाचं पाणी बघायचं.

म्हंजे सगळं त्या रंगावर येऊन बसलंय म्हण की.

मला हसू येतंय ते ह्याचं, की इराकात पलटणीत असताना गाड्यांना खाकी रंग तूच फासत हुतास. आता तोच खरवडत बसलायस. फिटंफिट.

रंग कुठला हुता ते मला लिव. मला रंगाचं कळतं. कराडच्या लुगड्याच्या दुकानात मी नुसतं "अंजिरी न्हवं, आमसुली" म्हणलं की दुकानदार दुसऱ्या बायकांना सोडून माझ्याकडं यायचा. आता पुरं. हात दुखतोय आन बाळ उठलंय.

तुझी आजी
हरणाबाई (ही सही)

*

सांगली,
ता. २२ जुलै १९४६

तीर्थरूप आजीस मानसिंगचा नमस्कार.

तुझं पत्र मी गॅरेजात सगळ्यांना वाचून दाखवलं. "फ्रॉक" एकदम बरोबर आहे.

तू जे समजलीस ते सगळं बरोबर. इंजिनाची मला काळजी नाही, ते आठ दिवसांत बोलायला लागलं. घोडं अडलंय रंगाशी. शेजाऱ्यांना विचारलं तर एक म्हणतो काळी होती, एक म्हणतो निळी. सगळ्यांना हॉर्न तेवढा आठवतो.

म्हणून मी माईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, चटणीचा रंग! घरात आम्ही तिला चटणीच म्हणायचो. डॉक्टर म्हणायचे, चला, चटणी काढा, मिरजेला जायचंय."

मग मी दाराच्या कडेला पॉलिश पेपर घासून बघितला. कांद्याच्या पाकळ्या सुटाव्यात तसे थर सुटतात. वर खाकी आणि खाली थेट लाल, शेंदराकडं झुकणारा. म्हणजे माई बोलल्या ते खरं. गाडी लाल होती.

पण लाल कसला? चटणीत तरी किती लाल असतात. खाली सापडलेला थर चाळीस ठिकाणी उडालेला, विटलेला, त्याच्यावरून नेमका रंग बांधता येत नाही. रंग पुण्याहून परवान्यावर येणार, तो एकदाच. लढाई संपली तरी रंगाची टंचाई संपलेली नाही. चुकला तर दुसरा डबा पुढच्या वर्षी, आणि दसरा तर यंदाच आहे. नमुन्याचा पत्रा माईंना दाखवावा म्हटलं तर त्या ऐकत नाहीत. म्हणतात, "मला पुरी झाल्यावर दाखवा. लढाईतून अर्धी गाडी परत आली तेवढी पाहिली, पुरे."

तेव्हा चटणीचं तू सांग.

तुझा,
मानसिंग

*

सातारा,
नागपंचमीचा झोका उतरवला त्या दिवशी

चि. मानसिंग यास आशीर्वाद. वि. वि. (आता पाणी न पिता येतंय.)

आरं, चटणीचं मला इचारलंस, ह्ये बरं केलंस. माणूस मोटारीचं मोटारवाल्याला इचारतो, चटणीचं कुणाला इचारायचं ह्ये कुणाला कळत न्हाई.

आईक. चटणी म्हंजे एक रंग न्हवं. नुसती लवंगी मिरची कुटली तर तिखट जाळ, पर रंग पिवळट. नुसती ब्याडगी घेतली तर रंग लालभडक, पर नव्या नवरीगत नुसती दिसायला, तिखट न्हाई. दोन्ही मिसळायच्या. मग कांदा भाजायचा, खोबरं भाजायचं, लसूण. खोबरं जास्त भाजलं की चटणी तपकिरी हुती. तुझी आई पहिल्या वर्साला खोबरं जाळत हुती, मी काय बोलले न्हाई, नाथाजीच बोलला. चैतात कुटल्यावर चटणी कशी, नव्या विटंगत. आखाडापातूर तेल सुटून जरा गडद हुती. दिवाळीला तीच चटणी काळपट. म्हंजे तुझ्या माईंची मोटार चैतातली का दिवाळीतली, ह्ये आधी इचार. ताजी का मुरलेली? त्याच्यावर सगळं हाय.

ह्या पाकिटात कागदाची पुडी हाय ती घरच्या चटणीची. सुलीला म्या येताना बरणी आणली हुती. पुडी बरणीच्या वरची न्हाई, चमचा खोल घालून मधली काढलीया. वरची वाऱ्यानं काळी पडती, खरा रंग झाकल्या जागीच ऱ्हातो. तेल सुटून पत्र भिजलं तर अक्षराला नावं ठेवू नको, ती चटणीला ठेव.

जोतीराम, आमचे जावई, कचेरीतनं आले तवा म्या त्यास्नी इचारलं, पाकिटातनं चटणी धाडली तर चालतंय का? ते म्हणले, "मामी, कायद्यात न्हाई म्हणून लिवलेलं न्हाई." कचेरीत शिपाई असलं तरी बोलणं वकिलाचं.

बाळाचं नाव ठेवलं, अर्जुना. मी दुसरं सुचवलं हुतं पर जाऊ दे.

आजी हरणाबाई

*

सांगली,
ता. १४ ऑगस्ट १९४६

तीर्थरूप आजीस नमस्कार.

पाकीट पोचलं. पोस्टमन ते लांब हातानं धरून आला आणि दारातच तीनदा शिंकला. "कुणाचं पत्र आहे हे, मसालेवाल्याचं?" म्हणाला. मी म्हटलं, आजीचं. तो म्हणाला, "तिखट बाई दिसतेय."

माईंना तू म्हणालीस तसं विचारलं. लगेच म्हणाल्या, "ताजी हो, अगदी ताजी! वाटल्या वाटल्या असते ना, तशी. पुढं ठेवली की काळवंडते, ती नव्हे. वरून लिंबू पिळलं की कसा रंग खुलतो, तस्सा होता बघा." एवढं बोलून आत गेल्या. त्या गाडीबद्दल जास्त बोलत नाहीत.

म्हणजे चैतातली. झालं, मी लाल डबा मागवला आणि परवा तो रेल्वेनं आला. तुझी पुडी खिडकीत ठेवली आणि शेजारी पत्र्याच्या तुकड्यांवर रंगाचे हात मारले. रंग ओला असतो तेव्हा एक दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो, म्हणून प्रत्येक तुकडा रात्रभर ठेवून सकाळच्या उजेडात बघायचा. थोडा पिवळा घातला, काळ्याची दोन बोटं, पुन्हा लाल. अकराव्या तुकड्याला असा जुळला की पुडी कुठं संपते आणि पत्रा कुठं सुरू होतो ते कळेना. मग आम्ही पुडी भाकरीबरोबर संपवली.

बॉनेटला आतल्या बाजूनं एक हात मारून ठेवलाय. सबंध गाडीवर माईंच्या अंगणात फवारा मारणार तो गौरी-गणपती झाल्यावर. माई म्हणाल्या, नैवेद्याच्या दिवसांत घरात थिनरचा वास नको.

आबांचं पत्र आलं. त्यात दोनच ओळी होत्या. एक, ऊस चांगला आहे. दोन, दसरा जवळ आला.

तुझा,
मानसिंग

*

सातारा,
श्रावणातला शेवटचा सोमवार

चि. मानसिंग यास आशीर्वाद.

रंग जुळला, लय आनंद झाला. म्या आळीतल्या बायकांस्नी सांगितलं की माझ्या चटणीवरनं सांगलीत मोटार रंगवत्यात. एकजण म्हणली, मग माझ्या पिठल्यावरनं ट्रक रंगवा. तिचा रंग पिठल्याचाच हाय, आसू दे.

येक मात्र मला कळंना. चटणीवर लिंबू? मी सुलीला इचारलं, ती म्हणली न्हाई बाई. चटणीत तेल घालत्यात, दही घालत्यात, लिंबू कोण पिळतं? आन पुढं ठेवली की काळवंडती म्हणं. आपली वरीसभर टिकती. मग म्या म्हणलं, बामणाचं घर, त्यांचं सगळंच आंबटगोड. आमटीत गूळ घालत्यात, चटणीवर लिंबू पिळत असतील. ज्याचं त्याचं त्वांड. तू कशाला त्यात डोकं घालतोस, लावून टाक रंग.

तुझा बा इथं बाळाला बघाया आला हुता. बाळाला टोपडं आणलं, मला पेढं आणलं, आन बसून ऱ्हायला. मग म्हणला, "आये, दसऱ्यापास्नं मळ्यातल्या गड्याला सोडलंय. मान्या यायचाच हाय." मी म्हणलं, "त्यो येणार ह्ये तुला कुणी सांगितलं?" म्हणला, "रंग कुठं भाकरी देतो व्हय?" मी म्हणलं, "नाथाजी, पोरगं हरून आलं तर उसाला काय बघंल? बांधावर बसून रस्त्यावरच्या मोटारी मोजंल." त्यानं पेढा खाल्ला. मला आणलेला.

गड्याला आधीच सोडलं, ह्ये मला आवडलं न्हाई. तू येणारच, आसं धरून चाललाय.

मी कुणाच्या बाजूची ते इचारू नको. मला बी आता लिवता येतंय, नको ते लिवून बसीन.

आजी

*

सातारा,
गौरी जेवल्या त्या दिवशी, दिवेलागण व्हायच्या आत

मानसिंगा,

आशीर्वाद राहू दे. तार पोचली का? न्हाई पोचली तर ह्ये पत्र वाचून हातातला फवारा खाली ठेव. पोचली असंल तर मी येडी झाले न्हाई, ह्ये वाच.

दुपारी बनीच्या शाळंतल्या बाईंनी गौरीच्या नैवेद्याचं पान वाढून बनीसंगं धाडलं. बाई पुण्याकडच्या बामण हायत, पर पोरींवर जीव. केळीचं पान, भात, वरण, पुरणपोळी, समदं शिस्तीत. डाव्या बाजूला लिंबाची फोड आन तिच्याशेजारी हिरवं काय तरी, थापल्यागत. म्या म्हणलं, "बने, ह्यो खर्डा कशाला घातला गोडाधोडाच्या पानात?" बनी म्हणली, "आजी, खर्डा न्हाई. ती चटणी हाय."

"ह्याला कोण चटणी म्हणतं?"

"बाई म्हणत्यात. समदी बामणं म्हणत्यात. कोथमीर आन खोबरं वाटत्यात आन वर लिंबू पिळत्यात."

आरं माझ्या लेकरा! लिंबू!

आपल्यात लाल ती चटणी, हिरवा त्यो खर्डा. त्यांच्यात लाल ते तिखट आन हिरवी ती चटणी. येकच शब्द, दोन ताटात दोन रंग. माई खरं बोलल्या, तू खरं आईकलंस, आन मधल्यामधी मोटार लाल व्हायला निघाली.

मी तशीच उठले. जोतीराम कचेरीतनं आलं नव्हतं, बनीला पळवली, त्यास्नी रस्त्यातनंच तार हापिसात धाडलं. म्या बनीकडनं सांगितलं, थोडक्यात लिवा: चटणी हिरवी. थांब. आजी. तारमास्तर घ्यायला तयार हुईना. आपल्या भागात मागल्या चार सालात असल्याच गुपित बोलीत भूमिगत लोकांनी सरकारला लय दमवलंय, तवा त्यो म्हणला, "जोतीराम, ही खूण कसली? कोण हिरवी? कोण थांबायचं?" जावई म्हणलं, "साहेब, खूण न्हाई, माझ्या सासूची चटणी हाय." तो म्हणला, "असं समदेच म्हणत्यात." शेवटी शपथ घालून तार गेली.

पर मग ती लाल, जी तुला खाली सापडली, ती काय? ते मला उमगंना. ते तुझं तू बघ.

येक लिवते. लाल झाली असती तर तुला बग्गीखाना मिळाला नसता आन तू घरी आला असतास. ह्यो इचार माझ्याकडं आला न्हाई असं न्हाई. आला, बसला, च्या पिऊन गेला. तार त्याच्या आधीच गेली हुती, आन ते बरं झालं.

आजी

*

सांगली,
ता. १० सप्टेंबर १९४६

तीर्थरूप आजीस शिरसाष्टांग नमस्कार. आज नुसता नमस्कार पुरणार नाही.

तार कशी आली ते सांगतो. माईंकडच्या गौरींचं विसर्जन झालं होतं आणि मी अंगणात गाडीला चारी बाजूंनी कागद चिकटवून, फवाऱ्यात लाल भरून उभा होतो. तारवाला फाटकात आला. तार म्हटल्यावर माईंच्या स्वयंपाकीण काकूंनी तिथंच पायरीवर बसून रडायला सुरुवात केली. "कोण गेलं हो, कोण गेलं?" मला तार हातात धरवेना. माझ्या डोक्यात तू आलीस. खरंच.

माई म्हणाल्या, "आणा इकडं, मी वाचते." चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "चटणी हिरवी. थांब. आजी."

काकू रडायच्या थांबल्या. म्हणाल्या, "कुणाची आजी?"

माई म्हणाल्या, "चटणी हिरवीच असते. हे तारेनं कशाला कळवायचं?"

आजी, मी हातातल्या फवाऱ्याकडं बघितलं आणि तो हळूच बादलीत ठेवला.

मग माईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही माझी गाडी लाल करणार होतात?" मी म्हटलं, "हो." "बंबासारखी?" मी म्हटलं, "चटणीसारखी." काकूंना हसू आलं, माईंना नाही. म्हणाल्या, "मग आता?"

आता ते लाल काय होतं ते सांगतो. ते अस्तर होतं. कंपनीत पत्र्याला गंज चढू नये म्हणून खरा रंग मारायच्या आधी एक लाल हात देतात. सरकारनं गाडी नेली तेव्हा वरचा रंग अस्तरापर्यंत घासून काढला आणि त्याच्यावर खाकी मारली. मला हे कळायला हवं होतं. पण माईंनी चटणी म्हटलं, खाली लाल निघाला, आणि मी पुढं शोधायचंच सोडलं. समोरच्या दिव्याच्या दांड्याचे बोल्ट गंजलेले, ते मी काढलेच नव्हते. मग तुझं वाक्य आठवलं, खरा रंग झाकल्या जागी राहतो. बोल्टांत रॉकेल सोडून दोन दिवस झगडलो. दांडा निघाला आणि त्याच्याखाली रुपयाएवढा गोल, कुणाचा हात न लागलेला. हिरवा. एकदम ताजा.

माईंना बोलावलं. त्या वाकून बघत राहिल्या. मग आत गेल्या, पाट्याचा आवाज आला आणि वाटीत चटणी घेऊन बाहेर आल्या. स्वतः वाटलेली. वर लिंबू पिळून वाटी त्या गोलाशेजारी धरली.

आजी, तुझ्या पुडीपेक्षा कमी जुळत नव्हता.

पण रंग कुठला आणायचा? माझ्याकडं लालच. तेव्हा विट्याच्या भाऊसोंची आठवण झाली. त्यांची विटा-सांगली प्रवासी सर्व्हिस मोटार रंगाला आली होती आणि त्यांच्याकडं हिरव्याचा डबा होता. मी म्हटलं, भाऊसो, हिरवा द्या, लाल घ्या. म्हणाले, "का रं, तुझ्या लालला काय झालं?" मी त्यांना पत्र्याचा अकरावा तुकडा दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "गड्या, भूक लागली." डबे बदलले.

भाऊसोंचा हिरवा पालकाचा आहे. पिवळा घालत, पांढरा घालत, पत्र्यावर वाळवत बसलोय. या वेळी माई रोज सकाळी ताजी वाटी पाठवतात, कालची काळवंडते म्हणून. गॅरेजात सगळ्यांची चंगळ आहे.

जुळलं तर दसऱ्याला पूजा. तू आबांना घेऊन ये. जुळलं नाही तरी या, मग मी तुमच्याबरोबरच परत येईन.

तुझा,
मानसिंग

*

कडेगाव,
दसरा होऊन चौथा दिवस

चि. मानसिंग यास आजीचा आशीर्वाद. वि. वि.

मी घरी सुखरूप पोचले. सांगलीत तुझ्याशी बोलायला कुठं जमलं, माणसं किती, आन तू मोटारीच्या खाली. म्हणून ह्ये पत्र. बनी न्हाई, तवा जोडाक्षरं माझी मीच जोडलीत.

तुझ्या माई मला आवडल्या. बाई कमी बोलती पर बघती लय. मोटारीवरनं चादर काढलीस तवा समद्यांनी तोंडं उघडली, त्या मात्र चाकापास्नं चाकापातूर हळूहळू चालल्या, दिव्यापाशी थांबल्या, नखानं रंग चाचपला. तुझ्या कपाळावरचा घाम मला पायरीवरनं दिसत हुता. तुला वाटलं त्या चूक शोधत्यात. मला वाटलं न्हाई. बाई हरवलेली वस्तू घरात सापडली की आधी आसंच चाचपती. मग बॉनेट उघडाया लावलं आन आतनं लाल निघालं. "हे काय?" म्हणल्या. तू म्हणलास, "ही आमची चटणी. काढायची राहिली." म्हणल्या, "असू द्या. झाकणाखाली बरी दिसते." आन कमरंची बग्गीखान्याची किल्ली काढून तुझ्या हातात न देता नाथाजीच्या हातात दिली. तुला वाईट वाटलं काय? मला वाटतं बाईला समदं ठावं हुतं.

जेवताना मला हिरवं वाढलं. मी म्हणलं, "खर्डा झ्याक झालाय." त्या म्हणल्या, "चटणी आहे ती." मी म्हणलं, "तुमच्यात." त्या म्हणल्या, "बरं, आमच्यात." तवा त्या पहिल्यांदा हसल्या.

आता तुला ठावं न्हाई ते सांगते. परत येताना आमी भाऊसोंच्या मोटारीत बसलो. लाल मोटार. लोक तिला मिरची म्हणाया लागल्यात. नाथाजी खिडकीशी बसला. तासगाव गेलं तरी बाहेरच बघत हुता. बग्गीखान्याची किल्ली तुला दिलीच न्हाई त्यानं, मुठीतच घेऊन बसला हुता, ध्यानातनं गेलं म्हणला. ती ह्या पत्रासंगं येणाऱ्या माणसाबरोबर धाडलीया, घे. विट्याच्या अलीकडं मोटार पाण्याला थांबली तवा त्यो खाली उतरला, मडगार्डवरनं हात फिरवला आन बोट नाकाला लावून वास घेतला. आरं, रंगाला कसला चटणीचा वास येतोय! मी वरनं बघत हुते.

वर येऊन बसला. म्हणला, "आये, ह्यो रंग मान्यानं बांधला?"

"व्हय."

"आपल्या बरणीवरनं?"

"मधली काढून दिली हुती म्या. वरची न्हाई."

मोटार चालू झाली तवा तिकीटवाला आला. नाथाजी त्याला म्हणला, "ह्यो रंग कुणाचा ठावं हाय का?" तो म्हणला, "भाऊसोंचा." नाथाजी म्हणला, "भाऊसोंचा फकस्त डबा. रंग आमच्या घरचा हाय." आन मग विट्यापातूर त्या पोराला तिकिटं फाडू दिली न्हाईत, चटणीत खोबरं किती भाजायचं ते सांगत बसला. सोता आयुष्यात कवा खोबरं भाजलं न्हाई.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यानं मळ्यातल्या गड्याला परत बोलावणं धाडलं. म्या बघितलं न बघितल्यागत केलं. गडी आलाय, पाणी बघतोय, ऊस चांगला हाय. मळ्यातल्या पाण्याच्या इंजिनाच्या पट्ट्याचा आवाज येतोय म्हणून नाथाजी म्हणतो, मान्या आला की दाखवू, घाई न्हाई, त्याच्या सवडीनं.

तवा सवडीनं ये.

माणसाबरोबर किल्ली धाडलीया, तिच्यासंगं पुडी बी हाय. ह्या खेपंची मोठी. ही खायला हाय, कुणाच्या मोटारीशेजारी ठेवू नको.

तुझी आजी
हरणाबाई
(सही बघ, आता वळणदार येती)